'अप' म्हणजे नुसतं 'वर' नव्हे

श्रोतेहो, नमस्कार. इंग्रजीतला 'अप' हा शब्द आपण शिकतो तेव्हा त्याचा अर्थ एकच असतो: वर. जिना चढलो की अप, उतरलो की डाउन. मग कधीतरी 'ईट इट अप' असं वाक्य समोर येतं आणि प्रश्न पडतो, 'वर खा' म्हणजे काय?

उत्तर मराठीतच आहे. आपण 'खा' म्हणतो आणि 'खाऊन टाक'ही म्हणतो. टाकणे म्हणजे खरं तर फेकणे, पण 'खाऊन टाक' म्हटल्यावर कुणी ताट भिरकावत नाही. तिथं 'टाक'चा अर्थ काम पुरं कर, मागे काही ठेवू नको, एवढाच उरतो. 'ईट अप'मधल्या 'अप'चंही तेच झालंय. 'ड्रिंक अप' म्हणजे पिऊन टाक, 'यूझ अप' म्हणजे वापरून संपव. जिथं करणारा कुणी नाही तिथं आपण 'जाणे' लावतो, इंग्रजीत मात्र 'अप' तोच राहतो: विहीर 'ड्राय अप' होते, म्हणजे आटून जाते.

मात्र ही चावी प्रत्येक कुलपाला लागत नाही. 'सांगून टाक'चं 'टेल अप' होत नाही आणि 'विसरून जा'चं 'फर्गेट अप'ही नाही. या अर्थाचा 'अप' बहुधा सरणाऱ्या वस्तूशी जमतो: पाणी, कागद, पैसे, वेळ. 'टाइम इज अप' म्हणजे वेळ संपली, ते याच हिशेबानं.

आता एक झाड डोळ्यांसमोर आणा. ते बुंध्याशी तोडून आडवं पाडलं, की 'कट डाउन' झालं. मग त्या आडव्या खोडाचे ओंडके केले, ओंडक्यांच्या ढलप्या काढल्या, की 'कट अप'. पहिल्या शब्दात दिशा आहे, दुसऱ्यात दिशेचा पत्ताच नाही. आहेत ते तुकडे. 'टेअर अप' म्हणजे फाडून तुकडे करणं, 'चॉप अप' म्हणजे बारीक चिरणं. गंमत म्हणजे हाच 'अप' एकत्रही बांधतो. 'टाय अप' म्हणजे बांधून टाकणं, 'बटन अप' म्हणजे सगळी बटणं लावणं, 'लॉक अप' म्हणजे कुलूपबंद करणं. तोडणं असो की बांधणं, काम अर्धवट राहिलेलं नाही, एवढंच 'अप' सांगतो.

'शी वॉक्ड अप टु मी' या वाक्यात चढ कुठंच नाही. ती चालत माझ्याजवळ आली, इतकंच. इथं संस्कृतातला 'उप' आठवावा. उपनयन म्हणजे जवळ नेणं. त्यातला 'उप' म्हणजे जवळ. भाषाशास्त्राप्रमाणे इंग्रजी 'अप' आणि संस्कृत 'उप' ही एकाच इंडो-युरोपीय, म्हणजे या दोन्ही भाषांच्या पूर्वज भाषेतल्या, मुळाची पालवी आहे. त्या मुळाचा अर्थ 'खाली' आणि 'खालून वर' असा दोन्हीकडे झुकणारा होता. आपला 'वर' आला संस्कृत 'उपरि'पासून, आणि तोही याच कुळातला. म्हणजे 'अप'चं भाषांतर 'वर' करताना आपण एका दूरच्या भावंडाची दुसऱ्याशी गाठ घालून देतो.

ब्रिटनच्या रेल्वेत अप गाडी म्हणजे साधारणपणे लंडनकडे जाणारी. रूळ उतरणीचे असले तरी ती अपच! ऑक्सफर्डला किंवा केंब्रिजला शिकायला जाणं म्हणजे 'गो अप', आणि विद्यापीठातून हकालपट्टी झाली तर 'सेंट डाउन'. पदार्थविज्ञानात अप नावाचा क्वार्क, म्हणजे एक मूलभूत कण, आहे. प्रोटॉनमध्ये 2 अप आणि 1 डाउन क्वार्क असतात, आणि त्या नावांचा वर-खालीशी काही संबंध नाही.

सगळ्यांत त्रास देतो तो 'मेक अप'. मराठीनं त्यातली रंगभूषा तेवढी उचलली. इंग्रजीत तो गोष्ट मनानं रचतो, भांडण मिटवतो, 'फॉर' जोडला की नुकसानीची भरपाई करतो. उच्चारातही फरक आहे, ऐका: नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, 'मेकअप', क्रियापद असेल तर 'अप'वर, 'दे मेड अप'. 'बॅकअप', 'ब्रेकअप' यांनाही हाच नियम. आपण नामाचा जोर क्रियापदावरही ठेवतो आणि वाक्य कानाला खटकतं.

आता शब्दक्रम. 'वेक अप द चाइल्ड' चालतं, 'वेक द चाइल्ड अप'ही चालतं. पण मुलाच्या जागी सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं: 'वेक हिम अप'. 'वेक अप हिम' चूक. मराठीभाषक इथं हमखास अडखळतात, कारण आपल्याकडे 'उठव' हा एकच शब्द, मध्ये काही शिरायला फटच नाही. मात्र प्रत्येक 'अप' असा सुटा होत नाही. 'लुक अप द वर्ड' म्हणजे शब्द कोशात पाहा. त्याचं 'लुक इट अप' होतं. 'लुक अप द चिमनी' म्हणजे धुराड्यात खालून वर पाहा. त्याचं 'लुक अप इट' होतं, कारण इथला 'अप' क्रियापदाचा नाही, धुराड्याचा आहे. शंका आली तर विचारावं, इथं खरोखर त्या वस्तूतून किंवा वस्तूवरून काही वर जातंय का? धुराड्यात नजर वर जाते. कोशात ती तिरकी, आडवी, कुठंही जाते.

कोश उघडताना असे शब्द 'अप'च्या नोंदीत शोधत बसू नका. 'मेक अप' हे बहुधा 'मेक'च्या नोंदीच्या शेवटी मिळेल.

दोन चुका तर रोज कानावर पडतात. पहिली, फॉर्म 'फिल अप' करणं. टाकी 'फिल अप' करतात, कारण ती काठापर्यंत भरते. फॉर्म ब्रिटिश इंग्रजीत 'फिल इन' करतात, अमेरिकन इंग्रजीत 'फिल आउट'. आणि 'कोप अप विथ' असं काही नसतं. 'कीप अप विथ' म्हणजे बरोबरीनं चालणं, 'कोप विथ' म्हणजे निभावून नेणं. या दोघांची सरमिसळ होऊन मधला 'अप' आगंतुकासारखा घुसतो. तो काढून टाकला, की वाक्य सरळ होतं.