बँक डगमगतेय, धंद्याचं खातं हलवायचं का?

ही रांग बघा. सप्टेंबर 2007, इंग्लंड, नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखेबाहेर लोक पैसे काढायला उभे आहेत आणि त्यांना सांगितलं जातंय की घाबरू नका. सांगायला काय जातं! तिथे तेव्हा पहिले 2,000 पौंडच पूर्ण सुरक्षित होते, पुढच्या 33,000 चे 90 टक्के, आणि त्याच्यावर शून्य. म्हणजे रांगेतल्या लोकांचा हिशोब बरोबरच होता. सरकारने सगळ्या ठेवींची हमी दिली ती नंतर, आधी रांगा लागल्या म्हणून.

पण घरची बचत काढून आणणं वेगळं आणि धंद्याचं खातं हलवणं वेगळं. तिथे पैसा थांबतच नाही, आज आला की उद्या पगाराला, मालाला, टॅक्सला गेला, त्यात तोच खाते नंबर सगळ्या बिलांवर छापलेला, ईएमआय तिथूनच, आणि लोन पण त्याच बँकेचं. त्यामुळे छोट्या धंदेवाल्याने बँक बुडण्यापेक्षा बँक अडकण्याला जास्त घाबरावं असं माझं मत आहे.

अडकणं म्हणजे काय ते पीएमसी या सहकारी बँकेत दिसलं. सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध लावले आणि खात्यातून काढता येणार होते फक्त 1,000 रुपये. हजार! मग लिमिट टप्प्याटप्प्याने वाढत गेलं, जानेवारी 2022 मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्समध्ये विलीन झाली, पण मोठ्या ठेवीवाल्यांना हप्ते लावून दिले, काहींचे तर दहा वर्षांपर्यंतचे. आता यात दुकान किंवा वर्कशॉप चालवणाऱ्याने कामगारांना काय सांगायचं?

येस बँकेचं निर्बंधाचं प्रकरण त्यामानाने लवकर मिटलं, 5 मार्च 2020 ला 50,000 ची मर्यादा आली आणि 18 मार्चला उठली. पण तेवढ्यात फोनपेसुद्धा बंद पडलं होतं कारण त्यांचे व्यवहार येस बँकेमार्फत चालायचे, म्हणजे ज्यांचं त्या बँकेत खातंच नव्हतं त्यांचंही पेमेंट अडकलं.

लोक म्हणतात ठेवींना विमा आहे ना. आहे, भारतात फेब्रुवारी 2020 पासून 5 लाखांपर्यंत, आधी तो 1 लाखच होता. पण एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर तुमचं सेव्हिंग आणि फर्मचं करंट खातं त्याच बँकेत असल्यास दोन्ही मिळून एकच 5 लाख धरतात. भागीदारी फर्म वेगळी धरली जाते, प्रोप्रायटर नाही. आणि 2021 च्या कायदाबदलानंतर निर्बंध आल्यावर विम्याचे पैसे 90 दिवसांत मिळायची सोय झाली, चांगलीच गोष्ट आहे, पण 90 दिवस पगार थांबवून दाखवा बरं.

मग सगळ्यांनी उद्याच पळायचं का? अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेत मार्च 2023 मध्ये तेच झालं, एका दिवसात 42 अब्ज डॉलर काढायला लोक धावले आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद. सगळे निघाले की धडधाकट बँकही टिकत नाही हे खरंय, पण ती जबाबदारी तुमच्या अंगावर घेऊ नका, तुमच्यावर तुमच्या माणसांच्या पगाराची जबाबदारी आहे. सिलिकॉन व्हॅली बँकेच्या बऱ्याच कर्जदार कंपन्यांच्या करारात तर खाती इथेच ठेवायची अशी अट होती, म्हणजे निघायचं म्हटलं तरी पाय अडकलेला.

आणि लोन बँकेबरोबर बुडत नाही हो. जो बँक घेतो तो वसूल करतो. बुडतं ते तुमचं कर्जाचं लिमिट, कारण निर्बंध लागले की बँकेला परवानगीशिवाय नवं कर्ज देता येत नाही, जुनं रिन्यू करता येत नाही, आणि ऐन सीझनला कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं कर्ज, हातात नसतं.

म्हणून मी सरळ सांगेन, विम्याच्या वरची रक्कम आजच काढा, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. पण खातं बंद करू नका, दिलेले चेक बाउन्स होतील. दुसऱ्या बँकेत खातं उघडून आधी पगार आणि टॅक्सचे पैसे तिकडे न्या, मग गिऱ्हाइकांना नवा नंबर द्या, जुन्यात फक्त ईएमआयपुरतं ठेवा. लहान बँकेतला मॅनेजर तुम्हाला ओळखतो, कागद कमी असले तरी लोन करून देतो, ही किंमत मी नाकारत नाही, पण त्याच्या ओळखीने निर्बंध उठत नाहीत.

लोन दुसरीकडे न्यायचं काम सगळ्यात शेवटी, त्याला वेळ लागतो, तारण ठेवलेले कागद सुटायलाच आठवडे जातात. त्याआधी सँक्शन लेटर, म्हणजे कर्जमंजुरीचं पत्र, काढून वाचा, सगळा टर्नओव्हर याच खात्यातून फिरवायचा अशी ओळ असेल तर पैसे हलवायच्या आधी लेखी परवानगी मागा.