सगळे आम्हालाच थांबा म्हणत होते

नमस्कार मंडळी, डिसेंबर आहे, हुरड्याचे दिवस. सोबत शेंगाचटणी उखळात कुटलेलीच घ्या, मिक्सरमधली म्हणजे नुसता भुगा, असो, विषय गोव्याचा आहे.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मोकळा झाला हे सगळ्यांना माहितीय. त्याच्या आधी जगभरातून दिल्लीला निरोप येत होते, थांबा म्हणून, ते आज सांगतो. अमेरिकेचे राजदूत गॅलब्रेथ नेहरूंकडे खेटे घालत होते, म्हणे सहा महिने थांबा, आम्ही पोर्तुगालशी बोलतो. युनोचे हंगामी सरचिटणीस ऊ थांट यांनी नेहरू आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार दोघांनाही लिहिलं, बोलणी करा. पण बोलणी करायची कुणाशी? भारताने १९५० मध्येच लिस्बनला, म्हणजे पोर्तुगालच्या राजधानीला, बोलणीचा प्रस्ताव दिला होता, दाद लागेना म्हणून १९५३ मध्ये तिथली वकिलात बंद केली. पोर्तुगालने तर १९५१ मध्ये घटना बदलून गोव्याला वसाहत म्हणणंच सोडलं, म्हणे हा आमचा प्रांत. म्हणजे प्रश्नच मिटला!

आता आमच्या आजोबांची गोष्ट सांगतो. नेहमी सांगतो, ऐकलेल्यांनी परत ऐका.

आजोबा गिरणीत होते. घराची पुढची खोली एका गृहस्थांना भाड्याने दिली होती. दोन वर्षं भाडं दिलं, मग बंद, आणि मग हे गृहस्थ गल्लीत सांगायला लागले की ही खोली माझीच आहे. बघा, तोच प्रांत! बरं, आजोबा तापट, म्हणून सगळी गल्ली आजोबांनाच समजवायला यायची. गिरणीतला जॉबर, म्हणजे मुकादम आला, म्हणे थांबा. शाळेचे मास्तर आले, म्हणे थांबा, गड्ड्याची जत्रा होऊ द्या. आजीचा भाऊ पंढरपूरहून आला, दोन वेळा जेवला आणि म्हणाला, भावजी, थांबा. त्या खोलीची कडी मात्र कुणी वाजवली नाही. शेवटी आजोबा मास्तरांवर ओरडले, "मला काय सांगालाव, त्याला जाऊन सांगा की ओ!"

त्यात हा १८ डिसेंबर आला. हॉटेलातल्या रेडिओवर बातमी, फौजा गोव्यात शिरल्या. भोंगा झाला तरी माणसं हॉटेलातनं हलेनात. दुसऱ्या दिवशी आजोबा घरी आले, काही बोलले नाहीत, अंगणात बसून कुऱ्हाडीला धार लावायला लागले. सरपणासाठीच हो! आजी शेवटपर्यंत शपथेवर सांगायची, चुलीला लाकूड नव्हतं. पण रेडिओ त्या गृहस्थांनीही ऐकला होता. रात्री ट्रंकेचा आवाज आला आणि सकाळी खोली रिकामी, जाताना बल्ब मात्र काढून नेला.

तर तिकडे गोव्यात पण तसंच, मागं हटताना पोर्तुगीजांनी पूल उडवले. सालाझारचा हुकूम होता की शरणागती नाही, शेवटपर्यंत लढा. पण गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वा यांनी शहाणपणा केला, १९ तारखेला शरण आले. मला विचाराल तर पणजीत त्यांच्या नावाचा एखादा रस्ता असायला हरकत नाही, पण आपल्याला कोण विचारतंय.

१८ तारखेला युनोच्या सुरक्षा समितीत परत तेच, थांबा, फौजा मागे घ्या. ठरावाला सात मतं, विरोधात चार, रशियाने व्हेटो वापरला आणि ठराव पडला. ब्रिटनकडे पोर्तुगालने जुन्या तहाची आठवण काढली, त्यांनी हात वर केले. लक्षात घ्या, थांबा सगळे म्हणाले, पण लिस्बनला बोलणीला बसवणं कुणाला जमलं नाही. पोर्तुगालने गोवा भारताचा आहे हे कागदावर मान्य केलं ते १९७४ च्या अखेरीस, सालाझार गेल्यावर.

आमच्या त्या खोलीला आजोबांनी नवा बल्ब काही आणला नाही. आजी विचारायची, तर म्हणायचे, "त्यानं नेलाय ना, आणून देऊ दे की." पुढं बरीच वर्षं तिथं कंदीलच होता.