आउटबोर्ड इंजिन नेमकं किती उंचीवर बसवायचं?

श्रोतेहो, नमस्कार. आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून बसवलेलं इंजिन. सरळ जाताना बोट ठीक चालते. वळण घेतलं की इंजिन एकदम किंचाळतं, आणि बोट मात्र जागच्या जागी. नाशिकच्या गंगापूर धरणाच्या संथ पाण्यात असं झालं तर फार बिघडत नाही. पण गोदावरीला पूर आलेला, पाणी नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागलेलं असताना रबरी बोटीचा जोर ऐन वळणात गेला, तर प्रवाह तिला आडवी करतो. अशा वेळी दोष बहुधा इंजिनाला दिला जातो. इंजिन धडधाकट असतं, ते चुकीच्या उंचीवर बसवलेलं असतं.

इंजिनाच्या पाण्यात फिरणाऱ्या पंख्याच्या वर एक आडवी, चपटी पट्टी असते. पाण्याच्या पृष्ठभागावरची हवा पंख्यापर्यंत खेचली जाऊ नये, हे तिचं काम. हवा शिरली की पंख्याला पकडायला घट्ट पाणी उरत नाही. त्याचे फेरे वाढतात, रेटा जातो. इंजिन जास्त वर बसलं की हे घडतं. उलट ते फार खाली बसलं, तर पट्टी आणि गिअरचा डबा पाण्यात विनाकारण ओढले जातात. मागून फवारा उडतो, सुकाणू जड होतं, वेग घटतो आणि पेट्रोल जास्त जातं.

मापाची सुरुवात बोटीच्या मागच्या फळीपासून, म्हणजे ट्रान्समपासून करा. फळीच्या बरोबर मध्यावर, वरच्या कडेपासून तळापर्यंत, फळीच्या उतारावरूनच टेप लावा. इंजिनाचे दांडे साधारण १५, २० आणि २५ इंचांचे मिळतात. हे माप इंजिन अडकवायचं ब्रॅकेट फळीवर टेकतं तिथून त्या आडव्या पट्टीपर्यंतचं असतं. पुष्कळ जण ते पंख्याच्या टोकापर्यंत धरतात आणि २० इंची फळीसाठी १५ इंची इंजिन घेऊन येतात. ही चूक नंतर इंजिन वर-खाली सरकवून भरून निघत नाही.

आता खरं माप. बोट सपाट जमिनीवर ठोकळ्यांवर ठेवा. इंजिन असं उभं करा, की पट्टी तळाला समांतर राहील. गवंडी वापरतात तशी अॅल्युमिनियमची लांब, सरळ पट्टी तळाला मध्यरेषेवर टेकवून दोन-तीन फूट मागे काढा आणि इंजिनाच्या पट्टीशी तिचं अंतर मोजा. ओझं घेऊन हळू चालणाऱ्या बोटीत इंजिनाची पट्टी तळाच्या रेषेत किंवा तिच्यापासून २५ मिलिमीटरपर्यंत खाली असावी. वेगाने पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटीत ती रेषेत किंवा २५ मिलिमीटरपर्यंत वर चालते. इंजिन फळीपासून मागे, वेगळ्या ब्रॅकेटवर असेल, तर दर १० इंचांमागे साधारण १ इंच वर घ्या. तळाखालून निघालेलं पाणी मागे जाता जाता वर चढतं म्हणून. रबरी बोटीची हवा आधी पूर्ण भरून घ्या, तळातल्या हवेच्या कण्याचीसुद्धा. तो ढिला असेल तर फळी खाली बसते आणि तुमचं माप खोटं ठरतं.

मोठ्या इंजिनाच्या ब्रॅकेटला एकाखाली एक भोकं असतात, बहुतेक १९ मिलिमीटर अंतरावर. फळीतली भोकं तीच राहतात. बोल्ट ब्रॅकेटच्या खालच्या भोकातून घातला की इंजिन वर चढतं. हे करताना इंजिन चेनपुलीला टांगलेलं हवं, माणसांच्या हातांवर नको. स्टेनलेस स्टीलचे बोल्ट, आतून मोठे वॉशर, सहज ढिले न होणारे नायलॉक नट आणि भोकात बोटीसाठीचं सीलंट वापरा. घरगुती सिलिकॉन इथे टिकत नाही. फळीच्या आतलं प्लायवूड पाणी पितं आणि कुजतं. लहान इंजिन स्क्रूने आवळलेलं असतं. ते वर घ्यायला फळीच्या कडेवर सागवानी पट्टी बसवतात. पण दोन्ही स्क्रूंच्या चकत्या पूर्ण फळीवरच टेकल्या पाहिजेत, आणि इंजिनाला साखळी हवीच.

कोरड्या जमिनीवरचं माप हे फक्त पहिलं. खरी परीक्षा पूर्ण ओझ्यासह: माणसं, इंधन, लाईफ जॅकेट, दोर, सगळं चढवून. वळणावर इंजिन किंचाळलं तर इंजिन एक भोक खाली घ्या. फवारा उडतो, सुकाणू जड जातं, तर इंजिन एक भोक वर घ्या. एका वेळी एकच भोक बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. फेरे मोजायचं मीटर असेल तर पूर्ण थ्रॉटलवर आकडा बघा. बऱ्याच फोर-स्ट्रोक इंजिनांची मर्यादा मिनिटाला ५००० ते ६००० फेरे असते, तरी आपल्या इंजिनाचं पुस्तक बघाच.

या सगळ्यात डोळा ठेवायचा तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या बारीक धारेवर. थंडाव्याचं पाणी खालच्या डब्यावरच्या जाळीतून आत येतं. इंजिन वर गेलं की जाळी हवा ओढते, धार तुटक होते, आणि पंपातला रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं चाक, कोरडा फिरून जळतो. धार तुटली की इंजिन बंद करा. मात्र गोदेत पानवेलीही जाळी बुजवतात, म्हणून उंचीला हात लावण्याआधी जाळी साफ करा.

धरणाचं पाणी ओसरलं की खडकाला पंखा लागू नये म्हणून काही जण इंजिन कायमचं वर बसवतात. हा उपाय वाईट आहे. इंजिनाला उथळ पाण्यासाठी तिरपं धरायची सोय असते. तेवढ्या पट्ट्यापुरती, हळू वेगात, ती वापरावी.

उंची बरोबर, जाळी साफ, तरीही रेटा जातो आणि तोही सरळ चालतानाच, तर संशय पंख्याच्या मधल्या रबरी बुशवर घ्या. मागून बघा: बुश आणि पंखा जिथे भेटतात तिथे पक्क्या रंगाची एक आडवी रेघ ओढा, थ्रॉटल देऊन एक फेरी मारून या, इंजिन बंद करा आणि रेघ पाहा. ती तुटून सरकली असेल, तर बुश घसरतोय. त्याला उंचीने काही फरक पडणार नाही, बुश किंवा पंखा बदलावा लागेल.