पायाला मुंग्या, आणि नसांची गोळी

नमस्कार मंडळी. मी मेडिकलच्या काउंटरवर बसते आणि दिवसातून एकदा तरी कुणीतरी येतंच, ताई, पायाला मुंग्या येतायत, नसांची एखादी गोळी द्या ना. मी आधी विचारते, शुगर आहे का, शुगरची मेटफॉर्मिन गोळी किती वर्षं चालू आहे?

हे विचारायला मी आईमुळे शिकले. तिला १२ वर्षं मेटफॉर्मिन चालू होतं, तळपाय जळायचे, चालताना चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही, आणि आम्ही सगळे, मीसुद्धा, शुगरचंच असेल म्हणून बसलो. शेवटी रक्तातलं बी-१२, म्हणजे नसांना लागणारं व्हिटॅमिन, तपासलं तर खूपच कमी निघालं. मेटफॉर्मिनमुळे बी-१२ अंगात नीट शोषलं जात नाही, अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेतली तरी तेच, त्यात आई पूर्ण शाकाहारी, आणि बी-१२ मिळतं दूध-दही, अंडी, मासे, मटण यातून, पालेभाजीत ते नसतं. लिव्हरमध्ये साठा असतो ना, म्हणून तो संपेपर्यंत काही वर्षं पत्ताच लागत नाही.

आता कळकळीने सांगते, बी-१२ ची गोळी सुरू करायच्या आधी रक्त तपासायला द्या. नंतर दिलं तर रिपोर्ट नॉर्मल येतो आणि खरं काय होतं ते कळत नाही. आणि नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेऊ नका, त्याने हिमोग्लोबिन सुधारतं, बरं वाटतं, पण बी-१२ कमीच असेल तर आत नसांचं नुकसान चालूच राहतं.

बी-१२ जास्त झालं तर सहसा लघवीवाटे निघून जातं. भीती आहे ती नसांच्या गोळ्यांत बऱ्याचदा सोबत असणाऱ्या बी-६ ची, म्हणजे पायरिडॉक्सिनची. रोजची गरज साधारण २ मिलिग्रॅम, युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये दिवसाची वरची मर्यादा १२ मिलिग्रॅम ठरवली, आणि काही गोळ्यांत एकेका गोळीत १०० मिलिग्रॅम असतं! ते महिनोन् महिने घेतलं तर त्यानेच पाय बधिर होतात, म्हणजे ज्यासाठी गोळी घेतली तोच त्रास, आणि माणूस अजून एक गोळी वाढवतो. टीबीच्या आयसोनियाझिडसोबत डॉक्टर बी-६ देतात ते वेगळं, ते औषध बी-६ कमी करतं म्हणून देतात, ते मनाने बंद करू नका. पण स्वतःहून घेत असाल तर स्ट्रिप उलटी करून पायरिडॉक्सिनपुढचा आकडा वाचा, दोन वेगवेगळ्या गोळ्या असतील तर बेरीज करा, आणि डॉक्टरांना दोन्ही दाखवा.

आईला इंजेक्शनं दिली, मग गोळ्या. जळजळ तीन-चार महिन्यांत गेली. डाव्या पायाचा अंगठा मात्र अजून बधिर आहे, तेवढा उशीर झाला होता.