संत्र्याचा बहार आणि छज्जाखालचं आग्या मोहोळ

श्रोतेहो, नमस्कार.

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, नरखेड, कळमेश्वरकडच्या संत्र्याच्या बागांमध्ये आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारा फुलोरा, फुटलाय. सकाळी अशा बागेत शिरलं की आधी वास येतो आणि मग गुणगुण ऐकू येते. त्या पांढऱ्या फुलांच्या मधुरसात साखरेसोबत आणखी एक चीज असते. कॅफीन. हो, तेच, चहा-कॉफीतलं. कॉफीच्या आणि लिंबूवर्गातल्या झाडांच्या फुलांत ते असतं, पण इतकं थोडं की माशीला कडू लागत नाही. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या जेराल्डिन राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली यावर एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. मधमाश्यांना एक ठरावीक वास द्यायचा आणि लगेच साखरेचं पाणी पाजायचं. काहींच्या पाण्यात फुलात असतं तेवढंच कॅफीन मिसळलेलं. चोवीस तासांनी पुन्हा तोच वास दिला, तेव्हा तो आठवणाऱ्या माश्या कॅफीनवाल्या गटात तिप्पट निघाल्या. झाडाला चालता येत नाही, पण माशीनं उद्या परत यावं याची तजवीज त्यानं करून ठेवली आहे.

आता ही माशी कोणती? मधमाशी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाकडी पेटी येते. पेटीत मुख्यतः दोन जाती पाळल्या जातात. आपली सातेरी आणि बाहेरून आणलेली युरोपियन मेलिफेरा. पेट्या ठेवणं हा चांगला जोडधंदा आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर तर २०२२ साली ‘मधाचं गाव’ म्हणून नावारूपाला आलं. पण पेटी विकत घेतली म्हणजे मधमाश्या वाचवल्या, असा जो समज हल्ली शहरात पसरला आहे, तो मला पटत नाही. पेटीतल्या माशीला मालक असतो. ती आजारी पडली तर बघणारं कुणीतरी असतं. जगात मधमाश्या आणि त्यांच्या भाऊबंदांच्या वीस हजारांवर जाती आहेत, आणि त्यातल्या बहुतेकींना ना पेटी आहे ना मालक. बऱ्याच जणी तर एकेकट्या राहतात, जमिनीत भोक पाडून अंडी घालतात. अंगणभर फरशी ठोकली की त्यांचं घर गेलं.

वांग्याचंच घ्या. वैदर्भीय माणसाला हिवाळ्यात भरीत नसलं तर चालत नाही. वांग्याच्या फुलातले परागकोश उघडत नाहीत. त्यांच्या टोकाला फक्त बारीक भोकं असतात. पेटीतली मधमाशी तिथे हात टेकते. तिला ते जमतच नाही. मग येते निळ्या पट्ट्यांची जंगली माशी किंवा काळा भुंगा. फुलाला घट्ट धरायचं, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवायचे, आणि मिठाच्या डबीतून मीठ सांडावं तसे पराग खाली सांडतात. तुमच्या कुंडीत वांगं असेल तर सकाळी जरा वेळ उभे राहा. माशी फुलावर बसली की गुणगुणीचा सूर एकदम बदलतो, साध्या कानालाही कळतो. तुरीच्या बंद फुलाचं कुलूप उघडणारी माशी आणखी वेगळी, पानं कापणारी. गुलाबाच्या पानांना कंपासनं काढल्यासारखे गोल काप दिसले की आपण कीड समजून औषध शोधायला लागतो. तो काप तिनं घेतलेला असतो, पिलांच्या घरासाठी. झाडाचं त्यात काही जात नाही.

आणि हे काम एकट्या माश्यांचं नाही. सध्या रामटेकच्या वाटेवर पळस पेटलाय, तिथे गाडी थांबवून बघा. जांभळा शिंजीर चोच खुपसत असतो, खारी फांदीवरून फिरत असतात. पळसाचं परागण कोण करतं याचा अभ्यास झाला, तेव्हा याच दोघांची नावं पुढे आली. आपल्या भीमाशंकरच्या जंगलात तर हेमा सोमनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अंधाऱ्या, चंद्र नसलेल्या रात्रीही उडणारा भुंगा सापडला. जगाच्या विज्ञानाला सह्याद्रीनं दिलेली ही भेट आपल्या पाठ्यपुस्तकात यायला हवी होती, असं मला नेहमी वाटतं.

आता नागपूर शहराकडे वळते. वर्धा रोडवरच्या उंच इमारती, पाण्याच्या टाक्या, उड्डाणपुलांचे खांब. तिथे लटकणारी काळसर, अर्धगोल चादर म्हणजे आग्या मोहोळ. एकच उघडं पोळं, कधी कधी मीटरभर रुंद. ही माशी पेटीत राहत नाही, राहणारही नाही. चांदण्या रात्रीसुद्धा ती फुलांवर जाते. तापट म्हणून बदनाम आहे, आणि ती बदनामी खोटीही नाही. पण शहरातल्या झाडांना आणि शहराभोवतीच्या बागांना तिचा मोठा आधार आहे.

या माशीवर बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात शॅनन ओल्सन आणि गीता थिम्मेगौडा यांच्या गटानं केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. तो नागपूरकरांनी मुद्दाम ऐकावा असा आहे. त्यांनी प्रयोगशाळेत पाळलेल्या माश्या घेतल्या नाहीत. शहराच्या कमी, मध्यम आणि जास्त प्रदूषित भागांतून जंगली आग्या माश्या फुलांवरूनच पकडल्या. प्रदूषित भागांत फुलांवर येणाऱ्या माश्या मुळातच कमी होत्या. पकडलेल्या माश्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर अंगावर धुळीचे कण चिकटलेले, त्यात शिशासारखे धातू. हृदयाचे ठोके अनियमित, रक्तपेशी कमी. आणि मध्यम व जास्त प्रदूषित भागांतल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक माश्या पकडल्यापासून चोवीस तासांच्या आत मेल्या. त्या उडत होत्या, फुलांवर येत होत्या, वरून धडधाकट दिसत होत्या. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख, सिमेंट रस्त्यांची धूळ आणि वाहनांचा धूर यांच्यात राहणाऱ्या आपल्या शहरानं असा अभ्यास इथेही व्हावा म्हणून आग्रह धरायला हवा. माणसाची फुप्फुसंही त्याच हवेत आहेत.

बागायतदार मंडळींशी थोडं वेगळं बोलायचं आहे. आंबिया बहाराची गोची अशी, की फुलं आणि कोवळी नवती, म्हणजे नवी पालवी, एकाच वेळी येतात, आणि नवतीवर सिट्रस सायला हा किडा येतो. त्याच्यासाठी इमिडाक्लोप्रिड किंवा थायोमेथोक्झाम फवारलं जातं. माशी वाचावी म्हणून संध्याकाळी फवारा, हा सल्ला सगळ्यांनी ऐकलेला आहे. तो चांगला आहे, पण या औषधांना पुरा पडत नाही. ही औषधं आंतरप्रवाही आहेत. ती रसातून झाडभर फिरतात आणि फुलाच्या मधुरसात, परागात उतरतात. फ्रान्समध्ये मिकाएल आंरी यांच्या गटानं माश्यांच्या पाठीवर नखाच्या टोकाएवढ्या इलेक्ट्रॉनिक चिपा चिकटवल्या आणि त्यांना थायोमेथोक्झामचा अल्प डोस दिला. डोस इतका कमी, की माशी त्यानं मरू नये. पण बाहेर सोडल्यावर त्यातल्या बऱ्याच परतल्याच नाहीत. हा अभ्यास २०१२ सालचा. युरोपियन संघानं २०१८ साली या रासायनिक गटातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. आपल्याकडे बंदी नाही, आणि सायला तर आहेच. त्याच्यापायी बाग जाते हे मलाही ठाऊक आहे. तेव्हा निदान वेळ तरी पाळा. आंतरप्रवाही औषध मारायचंच असेल तर पाकळ्या गळून गेल्यावर. कळ्या उमलायला लागल्यापासून फुलं असेपर्यंत निंबोळी अर्कावर निभवा, तोही सूर्य मावळल्यावर. शंका असेल तर अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथे विचारा. दुकानदाराला विचारू नका. त्याचा कल कुठे असणार हे सांगायला नको.

शेवटी, छज्जाखालच्या मोहोळाबद्दल. त्याला दगड मारू नका, खाली धूर करू नका, त्या बाजूला फटाके लावू नका. लहान मुलांना लांब ठेवा आणि रात्री जवळचा झगझगीत दिवा बंद ठेवा, कारण उजेडाकडे माश्या खेचल्या जातात. चावलीच तर नांगी नखानं लगेच खरवडून काढा, कारण मागे राहिलेली पिशवी विष सोडतच राहते. त्या जागी पिकल्या केळ्यासारखा वास येतो. तो इतर माश्यांना धोक्याची हाक असतो, म्हणून तिथेच उभं राहून हातवारे करण्यापेक्षा घरात शिरून दार लावा. अंगावर गांध्या उठल्या, दम लागला किंवा बरेच डंख झाले तर सरळ दवाखाना गाठा.

ही माशी कायमची राहायला आलेली नसते. फुलोरा ओसरला की पोळं सोडून सगळी निघून जातात, आणि बरेचदा पुढच्या हंगामात त्याच जागी येतात. म्हणून सोसायटीच्या सभेत मशालीचा किंवा फवारणीचा ठराव आला, तर आधी एवढं विचारा, की मोहोळ खरंच कुणाच्या जाण्यायेण्याच्या वाटेत आहे का, आणि नसेल तर उन्हाळ्यापर्यंत थांबायला काय हरकत आहे. वाटेत असेलच, तर न मारता हलवणारा जाणकार शोधा.

नमस्कार.