पावसातले ४१ कप

सकाळचे साडेसात वाजलेत, गोव्यातलं फर्मागुडी, जुलै महिना. माझ्या कॉफी शॉपचं शटर अर्धंच वर आहे, बाहेर पाऊस नुसता कोसळतोय आणि मी मशिनमधून काढलेला दिवसाचा पहिला शॉट, म्हणजे कपाचा मूळ कडक अर्क, सिंकमध्ये ओतून देतोय. काल १८ ग्रॅम पावडरीतून २८ सेकंदात ३६ ग्रॅम कॉफी येत होती, आज ४० सेकंद झाले तरी थेंब थेंबच चाललंय, कारण हवा दमट झाली की पावडर फुगते, गच्च बसते, पाणी खाली सरकतच नाही. ग्राइंडर थोडा जाड केला, परत काढला, ३३. अजून जाड. तिसरा शॉट २८ वर आला तेव्हा जीव भांड्यात पडला. म्हणून एक किलो बीन्समधून कागदावर असे १८ ग्रॅमचे ५५ डबल शॉट निघतात, पण मी ५०च धरतो.

याआधी माझं दुकान किनाऱ्याजवळ होतं. ऑक्टोबर ते मार्च बसायला जागा नसायची, मला वाटलं जमलं आपलं, आणखी एक मशिन घेऊया. पण भाडं बारा महिन्यांचं आणि गिऱ्हाईक सहा महिन्यांचं. जूनमध्ये पाऊस लागला, समोरचे शॅक, म्हणजे किनाऱ्यावरच्या खाण्यापिण्याच्या झोपड्या, उतरवले, रस्ता रिकामा, आणि मी दोन पोरांना घेऊन दिवसभर खुर्च्या पुसत बसायचो. ऑगस्टमध्ये बंद केलं. खूप लागलं ते मनाला, आईने मंगळसूत्र सोडून सगळं सोनं दिलं होतं त्या दुकानासाठी.

त्यानंतर मी जागा बघायला जायचो ती भर पावसातच. छत्री घेऊन समोरच्या चहाच्या गाड्यावर तास दीड तास उभा राहायचो, कोण येतं, कोण थांबतं, कोण नुसतंच जातं ते मोजत. फर्मागुडीला इंजिनिअरिंग कॉलेज आहे, फोंडा बाजार जवळ, आणि किनारा सुना पडतो नेमकी तेव्हाच इथे पोरं कॉलेजात परत येतात. हीच जागा घेतली.

आता हिशोब सांगतो, कारण कॉफी शॉप काढायचंय म्हणून विचारायला येतात ती मुलं मशिन कुठलं घेऊ हे आधी विचारतात आणि हा हिशोब कुणीच विचारत नाही. भाडं २५ हजार, दोन मुलांचा पगार ३२ हजार, वीज आणि बाकीचं ८ हजार. झाले ६५ हजार. आठवड्याला एक सुट्टी धरली तर २६ दिवस, म्हणजे रोजचे २५०० दुकान उघडायच्या आधीच गेले. कप १०० रुपयांचा, टॅक्स सोडून. बीन्स, दूध, साखर, टिश्यू मिळून ३८, हातात उरले ६२. म्हणजे ४१ कप. ४२व्या कपापासून माझं घर चालतं. (हो, आणि ५ टक्के जीएसटीत मशिनवर भरलेला टॅक्स परत मिळत नाही, तो पण भांडवलातच धरा.)

२०२४ मध्ये ब्राझीलमध्ये दुष्काळ पडला आणि फेब्रुवारी २०२५ ला अरेबिका जातीची कॉफी पौंडाला ४ डॉलरच्या वर गेली तेव्हा सगळे घाबरले होते. मी पण. मग कागद घेऊन बसलो, तर किलोमागे २०० रुपये वाढले तरी किलोला ५० धरून डबल शॉटला पडतात ४ रुपये. रिकामी खुर्ची त्यापेक्षा कितीतरी महाग पडते.

खुर्ची भरते ती खाण्याने पण. सुरुवातीला मी क्रोसाँ ठेवायचो, संध्याकाळी टाकून द्यायला लागायचे. आता सकाळी गरम बन असतात, केळं घालून केलेले, आणि मिरची-पाव, दहा वाजेपर्यंत परात रिकामी. श्रावण लागला की चिकन सँडविच गणेश चवथीपर्यंत बंद, तेव्हा बन दुप्पट लावायचे. चवथीला मुलं गावाला जातात, दुकान बंद, त्या दिवसांचं भाडं मी आधीच्या महिन्यांतून बाजूला काढून ठेवतो.

लायसन्सचं थोडक्यात, एफएसएसएआय (खाद्यपदार्थ विकायचं लायसन्स) आणि पंचायतीचा परवाना हातात आल्याशिवाय फर्निचरला हात लावू नका. आणि विजेचं कनेक्शन कमर्शियल आहे ना, किती लोडचं आहे, ते करार करण्याआधी बघा, मशिन आणि फ्रिज एकदम चालू झाले की फ्यूज जातो.

आठ वाजून दहा मिनिटं झाली. रेनकोट निथळत एक मुलगी आत येते, खिळ्याला रेनकोट अडकवते. "दादा, नेहमीची. आणि बन आहे ना आज?"

आहे. भिंतीवरच्या पाटीवर मी एक रेघ ओढतो. अजून ४० बाकी.