नव्या लाटेचा हिशेब

मित्रहो, करोनाची नवी लाट येऊ लागली की एक प्रश्न हमखास विचारला जातो : हा नवा प्रकार आधीच्यापेक्षा सौम्य आहे का? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु माझ्या मते त्याआधी तो किती वेगाने पसरतो, हे विचारायला हवे. समजा, बाधित व्यक्तीच्या मृत्यूचा धोका निम्म्यावर आला आणि बाधितांची संख्या मात्र चौपट झाली, तर एकूण मृत्यू दुप्पट होतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये विषाणूचा ओमायक्रॉन हा प्रकार आढळला. आधीच्या डेल्टा प्रकाराच्या मानाने त्यात आजार गंभीर होण्याचे प्रमाण कमी होते, तरीही पुढच्या काही आठवड्यांत अनेक देशांतील रुग्णालयांवर प्रचंड ताण आला, कारण रुग्णांबरोबर डॉक्टर आणि परिचारिकाही एकाच वेळी आजारी पडू लागल्या.

या वेगाला विलंबाची जोड मिळते, आणि खरी फसगत तिथेच होते. संसर्ग झाल्यावर लक्षणे दिसायला काही दिवस जातात, प्रकृती बिघडलीच तर ती बहुधा त्यानंतर आठवडाभराने बिघडते आणि मृत्यू ओढवला तर तो आणखी पुढे. म्हणजे आजचा मृत्यूंचा आकडा दोन-तीन आठवड्यांपूर्वीच्या संसर्गाविषयी सांगत असतो. खाटा भरलेल्या पाहून आपली खात्री पटते, तेव्हा पुढच्या कित्येक दिवसांत दाखल होणाऱ्या रुग्णांना संसर्ग होऊन गेलेला असतो. सांडपाण्याच्या तपासणीला मी फार मोल देतो ते यासाठीच. चाचणीला कोणी गेले नाही, तरी विष्ठेवाटे बाहेर पडणारे विषाणूचे अंश तिथे सापडतात आणि वाढीची चाहूल लवकर लागते.

लस घेऊनही संसर्ग झाला, म्हणून लस निरुपयोगी ठरत नाही. प्रतिपिंडांची, म्हणजे रक्तातील विषाणूरोधक प्रथिनांची, पातळी काही महिन्यांत घटते, पण विषाणू ओळखणारी पेशींमधली स्मृती अधिक काळ टिकते आणि बहुतेकांना गंभीर आजारापासून वाचवते. वृद्धांमध्ये आणि कर्करोगाचे उपचार घेणाऱ्यांमध्ये हे कवच मुळातच क्षीण असते. त्यांच्यासाठी वर्धक मात्रा (बूस्टर डोस) महत्त्वाची ती त्यामुळे.

घरी रुग्ण असेल, तर त्याच्या बोलण्या-चालण्यावर विसंबू नये. या आजारात रक्तातील ऑक्सिजन खालावलेला असतानाही माणूस शांतपणे गप्पा मारत बसलेला असू शकतो. ऑक्सिमीटर लावताना बोट उबदार असावे, नखाला रंग नसावा, हात स्थिर ठेवावा आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबावे. तो पुन्हापुन्हा ९४ किंवा त्याखाली येत असेल, तर डॉक्टरांना गाठायला उशीर करू नये. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी प्रत्यक्षापेक्षा अधिक आकडा दाखवते, म्हणून ९५ दिसत असूनही धाप लागत असेल, तर धापेवर विश्वास ठेवावा.

लोक थकले आहेत, आणि तो थकवा खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले; विषाणू मात्र रूप बदलत राहिला. म्हणूनच वर्षभर धाक घालणारी बंधने मला मान्य नाहीत. लाट चढू लागताच बंदिस्त, गर्दीच्या जागी एन-९५ मुखपट्टी वापरावी, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, ताप-खोकला असलेल्याने घरी थांबावे आणि त्याचा पगार कापला जाऊ नये. लाट ओसरली की हे निर्बंध तितक्याच तत्परतेने उठवावेत, म्हणजे पुढच्या वेळी सांगितलेले लोक ऐकतील.